दिवाळसणाचे टायर

बीबी,
ता. १६ एप्रिल १९६८

सौ. सिंधूताई विहीणबाईले बीबीहून झुंबरबाईचा रामराम.

खुशाली मागून. आधी काम. दिवाळसणाले आमच्याकडून जावई शालिग्रामरावाच्या जीपले दिलेले चारी टायर आजच्या आज काढून ठेवा. वापरू नका. पंचफुलेले तर त्या जीपमधी पायच ठेवू देऊ नका. माही लेक हाये म्हणून सांगत नाही, तुमच्या घरची सून पोटुशी हाये म्हणून सांगते.

कारण असं. माह्या भावानं, भगवानरावानं, खामगावात एकाच दुकानातून एकाच दिवशी टायरचे दोन सेट घेतले होते. एक तुमचा अन् एक इथल्या जिनिंग सोसायटीच्या जीपचा. सोसायटीची जीप परवा मेहकरहून येता येता उलटली. गड्डा नाही, वळण नाही, समोर ढोर नाही. मागचं टायर फाटलं. आमच्या गल्लीतली शालूबाई जागीच गेली. डायवर कडूबा दवाखान्यात हाये.

कार्ड भरलं. टायर काढा. पंचफुलेले आशीर्वाद.

झुंबरबाई


मोताळा,
ता. २५ एप्रिल १९६८

सौ. झुंबरबाई यांना सिंधूताईचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. आम्हाला मिळायच्या आधी पोस्टमनला मिळालं, आणि त्याच्याही आधी चौकातल्या पानवाल्याला. तो आमच्या गड्याला म्हणाला, काय रे, तुमच्या मालकाच्या जीपचे टायर बीबीवाले परत मागतात म्हणे. विहीणबाई, असं काही लिहायचं असलं तर पाकीट मिळतं हो पोस्टात.

शालूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण सोसायटीची जीप म्हणजे धर्मशाळा. कोणीही बसतो, कोणीही हाकतो. आमची जीप तशी नाही. शालिग्राम स्वतः चालवतो. तुमचे टायर चारही चांगले आहेत, जीप घोड्यासारखी पळते. पाडव्याला त्या टायरांना मी स्वतः हळदकुंकू लावलं. तुमच्याकडचा मान आहे तो. मान कोणी काढून कोठीत टाकतं का? उद्या तुमच्याकडचंच कोणी म्हणेल, पाहा, विहिणीनं आपल्या दिवाळसणाला नाक मुरडलं.

तुमचं कार्ड शालिग्रामनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. हे हसले. म्हणाले, "आखाजीला लेक माहेरी पाहिजे असेल तर सरळ न्यायला या म्हणावं. टायरला कशाला बदनाम करता!" शालिग्राम म्हणाला, "दिवाळीला मी पाटावरून उठत नव्हतो, तो राग आत्याबाई, म्हणजे तुम्ही, अजून धरून आहेत."

पंचफुला बरी आहे. कैऱ्या खाते आहे.

सिंधूताई


बीबी,
ता. १ मे १९६८

सौ. सिंधूताईले झुंबरबाईचा रामराम.

हे पाकीट हाये. पानवाल्याले माहा रामराम सांगा.

मले टायर परत नाही पाहिजे. पैसे बी नाही पाहिजे. जावई पाटावर रुसून बसले अन् आम्ही त्याईच्या मनासारखं दिलं, ती रीत झाली, संपली. आता तुमच्या दारातली लेक मले धडधाकट पाहिजे, बस.

मी काल कडूबाले पाहाले दवाखान्यात गेली होती. पाय लाकडात बांधला हाये. त्याले म्हटलं, "कडू, तू पेला होता का बे?" तर रडाले लागला. म्हणे, "मामी, शालूमावशी माह्या मागं बसून सुपारी कातरत होती. आधी थपथप आवाज आला. मले वाटलं पट्टा सुटला. गाडी उभी करतो म्हणेपर्यंत वरचं रबर निघून चाकाभवती गुंडाळलं."

मी सोसायटीच्या आवारात जाऊन ते टायर पाह्यलं. रामराव, म्हणजे आमच्या घरचे, म्हणे बाईनं तथी जाऊ नये. मी गेली. विहीणबाई, तुम्ही भाकर करता. जवारीच्या भाकरीचा पापुद्रा कसा वर येते, अन् बोट लावलं की अख्खा निघते? तसं. वरचं रबर आतल्या थराले चिकटलेलंच नाही. घासलं नाही, झिजलं नाही, नवंकोरं हाये, अन् निघून आलं. थंडीत काही नाही होत. ऊन तापलं की सुटते. फाटलं नव्हतं त्या दुसऱ्या टायरवर मी हात फिरवला. एका जागी फुगलेलं लागलं, तव्यावरल्या भाकरीसारखंच.

भगवानराव खामगावच्या दुकानात जाऊन आला. दुकानदार म्हणे हवा कमी असन, माणसं जास्त असन, सडक खराब असन. सगळ्याइचा दोष हाये, एक टायर सोडून. अन् तेच टायर त्याच्या दुकानात अजून टांगले हायेत.

तुम्ही एवढं करा. जीप उन्हातून आली की तळहात फिरवून पाहा. गरम राहते, पदर घ्या हातावर. फुगलेलं लागलं तर मले लिहा. लाजू नका.

अन् शालिग्रामरावाले सांगा, मी राग धरत नाही. धरला असता तर त्याईले पाटावरच कळला असता.

झुंबरबाई


मोताळा,
ता. ९ मे १९६८

झुंबरबाई,

हे पत्र पोस्टानं नाही, विमलबाईच्या हातानं पाठवते. माझी शेजारीण, पण माहेर तिचं बीबीचं, तुम्ही ओळखता. तिची आई आजारी आहे म्हणून ती येते-जाते. हे पत्र घरात कोणी वाचलेलं नाही. माझं मागचं पत्र टाकायच्या आधी शालिग्रामनं वाचलं होतं. आमच्याकडे तसंच आहे. म्हणून त्यात जे होतं ते होतं.

हात फिरवायची गरज नाही हो. आमचं एक टायर गुढीपाडव्याच्या आधीच फाटलं.

राजूर घाटात. शालिग्राम पंचफुलाला बुलढाण्याला दवाखान्यात दाखवून आणत होता. मीही होते जीपमध्ये. तुम्ही लिहिला तोच आवाज, थपथप. शालिग्रामनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचलो. दुसऱ्या अंगाला काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. पंचफुलाला खरचटलंही नाही. पण ती कितीतरी वेळ माझा हात सोडत नव्हती. मी तिला बजावलं की आईला कळवू नकोस, तिनं दिलेलं टायर आहे, तिच्या जिवाला लागेल. तिनं ऐकलं.

म्हणजे मी तुमच्यापासून लपवलं ते तुमचा मान राहावा म्हणून. आणि तुम्ही कार्ड पाठवलं तेव्हा मला खरं बोलता येईना, कारण घरातले दोघं पुरुष समोर बसलेले. हे म्हणतात दगड लागला असेल. शालिग्राम म्हणतो जुनी स्टेपनी चढवली, आता काय. बाकीची तीन तुमचीच आहेत, तीच पळतात. सगळा वैशाख लग्नांच्या वऱ्हाडांसाठी जीप सांगून ठेवली आहे. नवे टायर मागितले तर नंबर लागतो म्हणे, येतील तेव्हा येतील.

आणि पंचफुलाला आता दर महिन्याला घाटावरून न्यायचं आहे. एस.टी.नं नेते म्हटलं तर हे म्हणतात, दारात जीप असताना शेषरावांची सून एस.टी.त उभी राहणार? लोक काय म्हणतील?

मी काल जेवताना म्हटलं की टायर बदलावेत. शालिग्राम ताटावरून उठला. म्हणाला, "आई, सासुरवाडीच्या वस्तूत खोडी काढायची तुला सवय लागली." पंचफुला तिथंच वाढत होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी शालिग्रामचं ताट उचललं. बोलावं तर सुनेच्या माहेराला नावं ठेवणारी सासू होते. न बोलावं तर तिला घेऊन घाटात जावं लागतं.

तुम्हाला काही सुचतं का?

सिंधूताई


बीबी,
ता. १३ मे १९६८

सिंधूताई,

हे बी विमलबाईच्याच हातानं. तुमचं पत्र वाचून आधी मी तुम्हाले शिव्या दिल्या. इथं उभी राहून, मोठ्यानं. माही लेक घाटात लटकली अन् मले पाडव्याच्या हळदकुंकवाच्या गोष्टी लिहिता! मग चूल पेटवली, चहा केला, अन् राग उतरला. तुमच्या जागी मी असती तर मी बी तेच केलं असतं, फक्त एवढं गोड लिहिलं नसतं.

आता आयका. मले सुचलं हाये.

माणसाले जीवाची भीती दाखवली तर ते हसते. पण तुले फसवलं म्हणून सांगा, झोपेतून उठून बसते. तुम्ही टायर खराब हायेत म्हणता, म्हणून आयकत नाहीत. बीबीवाल्याइनं आपल्याले ठगवलं असं म्हणा. सोसायटीचा टाकलेला माल पॉलिश मारून दिवाळसणात खपवला म्हणा. माह्या भावाचं नाव घ्या. माहं घ्या. रुसा. तुम्हाले हक्क हाये, तुम्ही वरमाय. मी रुसली तर लोक हसतीन, तुम्ही रुसल्या तर मांडव हालते. जेवू नका. ते टायर दारात हायेत तोपर्यंत पाणी पेणार नाही म्हणा. परत पाठवा, माह्या दारावर फेकाले लावा.

मी सगळं झेलीन. रामरावाले सांगणार नाही, सांगतलं तर त्याईले राग खरा येणार नाही अन् तुमच्या मालकाले लगेच वास लागन. भगवानरावाले बी नाही. त्याचं नाक कापल्या जाईन, माहीत हाये मले. तो माहा धाकटा भाऊ हाये, मी पाहून घेईन.

पंचफुलेले तर अजिबात नाही. टायर फाटल्याचं तिनं झाकलं ते माह्यासाठी. पण नवऱ्यापाशी तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

चांगलं कडक लिहा. तुमचं ते नमस्कार-चमत्कार नको. असं लिहा की इथं वाचणाऱ्याचे कान तापले पाहिजे.

झुंबरबाई


मोताळा,
ता. २० मे १९६८

झुंबरबाई रामराव यांस,

तुम्ही आम्हाला काय समजता? दिवाळसण म्हणून आमच्या मुलाच्या गळ्यात रद्दी माल मारलात. एक टायर गाडी घाटात असताना फाटलं. आम्ही मोठ्या मनानं झाकलं. आता कळलं की तुमच्या बंधूंनी सोसायटीचा नाकारलेला माल स्वस्तात उचलला, त्यावर काळं फासलं आणि नवा म्हणून आमच्याकडे धाडला. असल्या माणसाला तुम्ही लग्नात मामा म्हणून पुढे केलंत.

लग्नातलंही सगळं आठवतं. वरणाला मीठ नव्हतं. आमच्या माणसांना पाणी द्यायला तुमच्याकडचं कोणी उभं नव्हतं. मला जे लुगडं नेसवलंत त्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, ते मी आजवर कोणाला बोलले नाही. मला वाटलं होतं गरिबी असेल. आता कळलं की दानतच नाही.

चारही टायर गड्याबरोबर पाठवत आहोत. यापुढे त्या दुकानाचं, त्या छापाचं काहीही माझ्या दारात येणार नाही, आणि तुमचं कोणीही नाही. मी कालपासून अन्नाला शिवलेली नाही.

सिंधूताई शेषराव


बीबी,
ता. ३० मे १९६८

सिंधूताई,

विमलबाईच्या हातानं.

तुमचा गडी टायर घेऊन आला. एस.टी.च्या टपावरून स्टँडावरच खाली फेकले. एक तर गडगडत चहाच्या दुकानात घुसलं. मग बैलगाडीत घालून गावातून आणले, दारात टाकले, अन् तुमचं पत्र रामरावाच्या हातात देऊन सांगते, "मालकीणबाईनं मोठ्यानं वाचाले सांगतलं हाये." तुम्ही खरंच तसं सांगतलं होतं का? गल्ली सारी जमा झाली होती. वाचणारा मास्तर लुगड्यापाशी आला अन् थांबला. मी म्हटलं, "वाचा मास्तर, लाजता काऊन, लुगडं माहं नाही तिचं हाये."

शाबास. माहे बी कान तापले.

पण एक इचारते. मिठाचं तुम्ही रचलं असन. लुगड्याचं रचलेलं नाही. तो रंग खरंच गेला, नाही? सांगा, मी दुसरं देईन. कव्हा, ते देव जाणे.

भगवानराव आला होता. पायरीवर बसला, पाणी बी पेला नाही. म्हणे, "अक्का, मी दुकानातून कोरे आणले, कागदात गुंडाळलेले, तू स्वतः पाह्यले. तू काऊन बोलत नाहीस?" मी त्याले म्हटलं, जाऊ दे, सासरचे लोक असेच राहतात. तो माह्याकडं असा पाहत राह्यला जशी मी बी त्याईच्यातली झाली. उठून गेला.

रामरावानं शपथ घेतली. शेषरावाच्या दारात पाय ठेवीन तर बापाचा नाही. मले वाटलं होतं रागावतीन, चार दिवसानं उतरन. उतरला नाही.

आता पुढचं आयका. फाटलेलं सोडून बाकीचे तीन टायर दिसाले नवे. मेहकरचा एक जीपवाला दारात येऊन उभा राह्यला. म्हणे द्या मले, मोल देतो. रामराव म्हणे घेऊन जा, डोळ्यासमोरून न्या. मी मधी पडली. म्हटलं, हे द्यायचे नाहीत. तर रामराव सगळ्याइसमोर म्हणे, "तुले ठेवून काय पुजा करायची हाये का?" जीपवाला म्हणे उद्या गाडी घेऊन येतो.

सिंधूताई, दुसऱ्याची लेक बसली असती त्याच्यावर. तो गेला अन् मी कुऱ्हाड घेतली. रबर ते, कुऱ्हाड उसळून माह्याच अंगावर याले लागली. मग सुताराची करवत मागून आणली अन् कडेपासून कापले. हात सोलले. रामराव ओट्यावर बसून पाहत होते. तव्हापासून माह्याशी बोलतच नाहीत. त्याईले वाटते बायको खुळी झाली, फुकटचा माल नासवला.

असू द्या. तुमची जीप कशावर उभी हाये ते कळवा.

झुंबरबाई


मोताळा,
ता. ४ जुलै १९६८

ती. आईस पंचफुलाचा साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र मी स्वतःच्या मनानं लिहिते. कोणी सांगितलं नाही.

मला आधी वाटलं सासूबाई खोटं बोलतात. मी ह्यांच्याशी भांडले, म्हटलं माझा मामा असा नाही. पण तू एका शब्दानं उत्तर दिलं नाहीस. बाबांनी दिलं नाही. मग विमलबाईकडून कळलं की तू ते टायर करवतीनं कापलेस. कशाला गं? त्यात काही नव्हतं तर कापले कशाला? आता इथं सगळे म्हणतात की पुरावा मिटवला. मला खाली मान घालून ऐकावं लागतं.

मी घाटात त्या जीपमध्ये होते. ते मी तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. आणि तुला माहीत होतं का आधीच? माहीत असून दिलेस का?

सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सासरे नाही म्हणतात आणि बाबाही न्यायला येणार नाहीत, हे मला कळलं आहे. मीच आता येत नाही. तू न्यायला येऊ नकोस. इथं सासूबाई मला एस.टी.नं बुलढाण्याला नेतात, उभ्याने का होईना. माझी काळजी करणारं एक माणूस तरी आहे.

पंचफुला


बीबी,
ता. १४ जुलै १९६८

सिंधूताई,

विमलबाईच्या हातानं. पंचफुलेचं पत्र आलं. मी त्याले उत्तर देत नाही. लिहाले बसली की खरं निघून जाते हातून, म्हणून तीनदा कागद चुलीत घातला. तुम्हीच तिले सांगा, आईचं पत्र पोस्टात हरवलं असन. नाही, तसं बी नका सांगू. काहीच सांगू नका.

एक वाचून बरं वाटलं. तुम्ही तिले एस.टी.नं नेता.

आता मले तिले आणायचं हाये. पहिलटकरीण हाये. तुम्ही उतरा आता. रुसवा पुरे झाला. टायर गेले, करवतले, काही उरलं नाही. तुमच्या मालकाले म्हणा, झालं गेलं, व्याह्याले दोन शब्द लिहा. इकडं मी पाहून घेते.

लवकर कळवा. मी डिंक, खोबरं आणून ठेवलं हाये.

झुंबरबाई


मोताळा,
ता. २६ सप्टेंबर १९६८

झुंबरबाई,

उत्तराला उशीर झाला. विमलबाईची आई वारली, तिचं येणं-जाणं थांबलं. पोस्टानं लिहायची सोय नाही. आज ती आईच्या मासिक श्राद्धासाठी निघाली म्हणून घाईत लिहिते.

पंचफुला बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. मुलीला जावळ भरपूर आहे आणि रडते तेव्हा अगदी तुम्हीच बोलता असं वाटतं.

मी उतरायचा प्रयत्न केला. एकदा जेवताना म्हटलं, जाऊ द्या आता, पहिलं बाळंतपण आहे, व्याह्यांना लिहा. तर हे म्हणाले, "तू दोन दिवस उपाशी राहिलीस ते खोटं होतं काय?" शालिग्राम म्हणाला, "आई उतरली म्हणजे झालंच. तो खामगावचा दुकानदार तेच टायर निम्म्या किमतीत देतो म्हणतो. आईच्या शपथेसाठीच थांबलो होतो." त्याच क्षणी मी पुन्हा रुसले. काय करणार? जीप विटांवर उभी आहे ती माझ्या रुसव्यावर उभी आहे. मी हसले की ती चालू लागेल.

दुसऱ्या छापाच्या टायरसाठी नाव नोंदवलं आहे. ते कधी येतील, कोणालाच सांगता येत नाही. तोवर मला अशीच राहू द्या. ह्यांनी आता बाहेर सांगून ठेवलं आहे, बीबीचं माणूस दारात आलं तर कुत्रं सोडीन. आपण लावलेला विस्तव, झुंबरबाई, आता आपल्या फुंकरीनं विझत नाही.

पंचफुला तुमचं नाव काढत नाही. बाळंतपणात वेणा आल्या तेव्हा मात्र काढलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला वाटलं तेव्हा सगळं सांगून टाकावं. नाही सांगितलं. शालिग्राम दाराबाहेरच बसला होता.

लुगड्याचं तुम्ही विचारलं होतं. हो. रंग गेला होता. पण मी ते अजून नेसते.

सिंधूताई


बीबी,
ता. ९ नोव्हेंबर १९६८

सिंधूताईले झुंबरबाईचा रामराम.

विमलबाई दिवाळीले इथं आली, तिच्याच हातानं हे पाठवते. तुमचं पत्र आलं तव्हापासून मी रोज मनात म्हणते, बरोबर हाये तुमचं, उतरू नका. दिवसभर म्हणते. अन् संध्याकाळी डिंकाच्या डब्याकडं पाहून तुम्हाले शिव्या देते. डिंक मी विमलबाईसंग पाठवला होता, तिच्या आईच्या घरचा म्हणून द्याले सांगतला. मिळाला असन. लाडू आवडीनं खाते का पंचफुला? सांगू नका, इचारलं असंच.

दिवाळी झाली. भगवानराव भाऊबीजेले आला नाही. मी पाट मांडून बसली होती. रामराव आता बोलतात, पण बैलाशी बोलतात तेवढं.

आता मी ठरवलं हाये, अन् तुम्ही नाही म्हणू नका, कारण हे पत्र तुम्हाले भेटन तव्हा मी निघाली असन. येत्या बाजाराले मी मोताळ्याले येऊन राह्यली. रामरावाले सांगतलं की बुलढाण्याले दात दाखवाले जाते. तुमच्या दारात येत नाही. तुमच्या मालकाची शपथ दाराची हाये, बाजाराची नाही.

लेकराले सव्वा महिना होऊन गेला. आता बाहेर काढाले हरकत नाही. तुम्ही मिरच्याइच्या ओळीत या, लेकरू घेऊन. मी तथीच बसलेली राहीन. मले पाहून भांडाले लागा. चांगलं मोठ्यानं. टायरचं काढा, भावाचं काढा, लुगड्याचं काढा, काही उरलं असन तर ते बी काढा. कोणी घरी जाऊन सांगतलं तर तुमचा रुसवा अजून पक्काच होईन, जीप विटांवरच राहीन. मी बी उत्तर देईन, घाबरू नका, मनातलं नसन. थोडंसं असन.

दुरून भांडू नका. विहिणी जवळ येऊनच भांडतात. अगदी जवळ या, हातवारे करा, लेकरू या कडेवरून त्या कडेवर घ्या. मी तुमच्याकडं पाहणार नाही, तिच्याकडं पाहीन. हात लावणार नाही. लोक पाहतीन. कान झाका तिचे, अन् तोंड नका झाकू.

लवकर संपवू नका. बाजार उठेपर्यंत एस.टी. नाही मले.

पंचफुला संग आली तर येऊ द्या. तिनं मले चार शब्द सुनावले तर मधी पडू नका, तिचा हात धरू नका. बोलू द्या तिले पोटभर. आवाज तर आयकू येईन.

झुंबरबाई